एका ताटाचा स्वयंपाक

पाकशास्त्राच्या पुस्तकांतील मापे बहुधा चार माणसांची असतात. सार्वजनिक स्वयंपाकगृहांची मापे हजारांची असतात. बेंगळुरूमध्ये २००० साली अक्षयपात्र संस्थेने पाच शाळांतील दीड हजार मुलांसाठी दुपारचे जेवण शिजविण्यास प्रारंभ केला, आणि अशा अवाढव्य स्वयंपाकाचे पुढे एक शास्त्रच बनले. या दोन्ही मापांत न बसणारा एक स्वयंपाक मात्र उपेक्षितच राहिला. तो म्हणजे एकट्या मुलाचा.

आईवडील दोघेही नोकरीला, घरात आजी किंवा शेजारची एखादी मावशी, आणि चारच्या सुमारास शाळेतून परतलेले सात-आठ वर्षांचे भुकेले मूल, हे दृश्य बेंगळुरूतील अनेक घरांत नित्याचे आहे. मोठ्यांच्या जेवणाला अजून चार तास अवकाश असतो. एवढ्याशा जिवासाठी कुकर कशाला चढवायचा, या विचाराने बिस्किटांचा पुडा पुढे येतो. मैदा, साखर आणि वनस्पती तूप यांच्या त्या मिश्रणाने भूक मरते. पोषण होत नाही. शिवाय रात्रीच्या जेवणावरची वासनाही उडते. प्रश्न एका खाण्याचा वाटला, तरी तो रोज येतो आणि वर्षानुवर्षे येत राहतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या शिफारशींप्रमाणे सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी सुमारे १,७०० उष्मांक, २३ ग्रॅम प्रथिने आणि ६५० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे असते. मुलाचे पोट लहान, पण गरज मोठी. म्हणून त्याच्या वाटीत किती आहे यापेक्षा काय आहे याला महत्त्व अधिक. शाकाहारी घरात ही गरज धान्य, डाळ आणि दूध यांच्या जोडीने भागते. धान्यात लायसिन हा प्रथिनघटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो; डाळीत जो घटक उणा असतो, तो धान्य पुरवते. वरण-भात, खिचडी, इडली या सर्वांच्या मुळाशी हीच जोडी आहे.

अडचण आहे ती वेळेची, आणि बेंगळुरूमध्ये तिला भूगोलाचीही साथ आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले असल्यामुळे तेथे पाणी ९७ अंशांच्या आसपासच उकळते. उघड्या पातेल्यातील डाळ मुंबईपेक्षा तेथे उशिरा शिजते. हवा थंड असल्याने हिवाळ्यात इडलीचे पीठही लवकर आंबत नाही. तेव्हा झटपट स्वयंपाकाचे रहस्य विस्तव मोठा करण्यात नाही. जे काम चार वाजता करायचे, ते रविवारी सकाळीच करून ठेवण्यात आहे. जुन्या कर्नाटकाने आणि जुन्या महाराष्ट्रानेही हे ओळखले होते. भाजलेल्या पिठांचे डबे हे त्या शहाणपणाचेच फळ होय.

या पिठांत पहिला मान कर्नाटकातील हुरिहिट्टूचा. नाचणीला, म्हणजे तेथील रागीला, पाण्याचा हात लावून ती मुरू देतात, तापलेल्या भांड्यात लाहीसारखी फुलवितात आणि मग दळतात. हे पीठ भाजूनच तयार झालेले असल्यामुळे पुन्हा शिजवावे लागत नाही. तीन मोठे चमचे पीठ कोमट दुधात कालवून त्यात गूळ किंवा कुस्करलेले केळे घातले, की दोन मिनिटांत मुलाचे खाणे तयार होते. तिखटमिठाची आवड असलेल्या मुलासाठी तेच पीठ ताक, मीठ आणि जिरेपूड घालून द्यावे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तीस ग्रॅम पीठ आणि दीडशे मिलिलिटर दूध यांतून मिळून २९० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे दिवसाच्या गरजेच्या निम्म्याजवळ मजल जाते. धान्यातील सगळेच कॅल्शियम शरीर शोषून घेत नाही, हे खरे. म्हणूनच दुधाची जोड सोडू नये. नाचणीचे साधे पीठ मात्र कच्चे असते. ते वापरायचे झाल्यास थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवावे आणि मंद विस्तवावर सतत ढवळत चांगले शिजवावे.

दुसरा डबा मेतकुटाचा. कर्नाटकातील मेंथ्य हिट्टू हे त्याचेच भावंड; दोहोंत डाळी, धान्य आणि मेथी भाजून दळलेली असतात. सकाळच्या भातातील एक वाटी भात शीतकपाटात झाकून ठेवावा, चार वाजता पाण्याचा हबका मारून वाफ येईपर्यंत गरम करावा, आणि दोन चमचे मेतकूट, तूप व दही घालून कालवावा. पाच मिनिटांत धान्य, डाळ आणि दूध तिन्ही एका वाटीत येतात.

तिसरा पदार्थ विस्तवाशिवायचा. कन्नड घरांतील कोसंबरी ही मराठी कोशिंबिरीच्या नात्यातली. परंतु तिचा जीव भाजीत नसून मुगाच्या डाळीत आहे. मूठभर डाळ तासभर भिजवून निथळावी. त्यात किसलेले गाजर, कोचवलेली काकडी, ओले खोबरे, मीठ आणि लिंबाचा रस घालावा, वरून मोहरीची चमचाभर फोडणी द्यावी. पंचवीस ग्रॅम डाळीतून सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे डाळीतील लोह अंगी लागण्यास मदत होते. कच्ची डाळ न पचणाऱ्या मुलासाठी ती फोडणीतच चार मिनिटे वाफवावी.

गरम आणि खमंग हवे असेल, त्या दिवशी अक्की रोट्टी करावी. वाटीभर तांदळाच्या पिठात किसलेले गाजर, बारीक चिरलेला शेपू, जिरे आणि मीठ घालून पीठ सैल भिजवावे. थालीपिठाप्रमाणे ते गार तव्यावरच तेलाच्या हाताने थापावे, मध्ये भोके पाडावीत, झाकण ठेवून मग तवा तापवावा. एकच रोट्टी करायची असल्यामुळे तवा पुन्हा थंड करण्याचा खटाटोप राहत नाही. येथे एकटेपणाच सोयीचा ठरतो. सोबत डाळ्याची चटणी आणि दही असावे.

रवा इडलीही अशीच उपयोगी. १९२४ साली बेंगळुरूमध्ये सुरू झालेल्या मावळ्ळी टिफिन रूम्स या उपाहारगृहात, दुसऱ्या महायुद्धातील तांदळाच्या टंचाईत, ती जन्मली असे सांगतात. रवा तुपावर भाजून, फोडणी देऊन बरणीत ठेवता येतो. आयत्या वेळी वाटीभर रव्यात तेवढेच दही, लागेल तेवढे पाणी आणि चिमूटभर सोडा मिसळून दहा-बारा मिनिटे वाफवले, की तीन इडल्या होतात. रात्रभर आंबविण्याची वाट पाहावी लागत नाही.

दोन गोष्टींचे भान मात्र ठेवावे. ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही, म्हणून मांसाहार नसलेल्या घरात दूध-दह्याला फाटा देऊ नये. आणि खाण्यासोबत मुलाला चहा देऊ नये, कारण तो लोहाचे शोषण रोखतो.

एका ताटाचा स्वयंपाक हा मोठ्या स्वयंपाकाचा उरलासुरला तुकडा नव्हे. त्याला स्वतःचे माप हवे, छोटी कढई हवी, छोटे पातेले हवे. मोठ्या भांड्यात थोडके अन्न करपते, आणि करपलेले अन्न मूल बाजूला सारते. डबे भरलेले असतील, तर सात वर्षांचे मूल हुरिहिट्टू स्वतः कालवू शकते, लिंबू पिळू शकते. ज्या घरात रविवारी तासभर भाजणे-दळणे होते, तेथे सोमवारी चार वाजता बिस्किटांच्या पुड्याची आठवण कोणाला होत नाही.