आधी बाजार ठरवा, मग वही आखा

देवगड तालुक्यातील मिठबावच्या परिसरात हापूसची बाग हाच अनेक कुटुंबांचा लहानसा उद्योग होय. कोणते कलम आधी मोहोरते, कोणाच्या फळात साका धरतो, हे ज्ञान बहुधा वडीलधाऱ्यांच्या किंवा राखणदाराच्या स्मरणातच असते. तो माणूस गेला की ज्ञानही जाते. म्हणून ते वहीत उतरले पाहिजे. मात्र काय लिहावे, हे माल कोणास विकावयाचा यावरून ठरवावे.

आंबा थेट गिऱ्हाइकास पाठवावयाचा असल्यास प्रत्येक कलमाच्या मोहोराची व काढणीची तारीख आणि साक्याच्या तक्रारी नोंदवाव्यात. फळ चौदा आणे तयार असताना देठासह काढल्यास साका कमी राहतो. ही वेळ नोंदीवरून अचूक साधते. कॅनिंगसाठी फळ द्यावयाचे असल्यास वजन, दर व खर्च यांचा हिशेब अधिक उपयोगी. निर्यातीसाठी फवारणीचे औषध, मात्रा व दिनांक लिहिलेच पाहिजेत.

कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा लाभ घेणाऱ्यास आपला माल कोणत्या बागेतला, हे दाखविता आले पाहिजे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी प्रत्येक बागायतदारास प्रथम ‘माल कोणासाठी?’ असे विचारावे आणि मगच वही आखून द्यावी.