कुलूप ठोकून बिल वसूल होत नाही

हैदराबादेत गचीबोवली असो की कुकटपल्ली, मालकाने बिल थकवले की कंत्राटदाराला वाटते, पैसे मिळेपर्यंत इमारत अडवून ठेवण्याचा आपल्याला हक्कच आहे. अमेरिकेत असा हक्क आहे खरा. वॉशिंग्टन शहर उभे राहत असताना, १७९१ मध्ये मेरीलंडने तो कायद्याने दिला. पुढे इतर राज्यांनीही तो स्वीकारला. भारतात तसा कायदा नाही. करार कायद्याचे कलम १७० आहे, पण ते कामासाठी हाती सोपवलेल्या वस्तूंपुरते. दुरुस्तीला आलेला सोफा सुतार मजुरी मिळेपर्यंत ठेवून घेऊ शकतो; मालकाच्या जमिनीवर बांधलेले घर कंत्राटदाराला तसे अडवता येत नाही. फाटकाला कुलूप ठोकले, तर मालकच मनाईहुकूम मागायला कोर्टात जातो आणि बिलाचा प्रश्न मागे पडतो. मजुरांचे पगार खिशातून भागवलेल्या लहान कंत्राटदारावर हा अन्याय आहे; त्याला कायद्याने काही तारण द्यायला हवे.

मग हाती उरते काय? लिखापढी.

करारात भाववाढीचे कलम नसेल तर वाढीव पैसे विसरायचे, असे सर्रास सांगितले जाते. हैदराबाद महापालिकेच्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये वेगळा निकाल दिला. काम एका वर्षात संपवायचे होते. निधी अपुरा पडला, म्हणून ते आणखी दोन वर्षे लांबवायला सांगण्यात आले. मजुरी आणि सामान महागले आहे, जादा पैसे द्यावे लागतील, हे कंत्राटदाराने तेव्हाच कळवले होते. न्यायालयाने त्याचा हक्क मान्य केला. भाववाढ देणार नाही असे करारात स्पष्ट लिहिलेले असेल, तर मात्र लढाई फार अवघड होते.

अंतिम बिलावर ‘नो क्लेम’ लिहून दिले की सगळे संपले, हेही पूर्ण खरे नाही. दबावाखाली घेतलेली सही कायमचा अडसर ठरत नाही, असे न्यायालयांनी अनेकदा म्हटले आहे. दबाव सिद्ध मात्र करावा लागतो.

सर्वाधिक नुकसान होते ते मुदतीच्या बाबतीत. पैसे देण्याची तारीख ठरलेली नसेल, तर काम झाल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. स्मरणपत्रे धाडून ही मुदत वाढत नाही. मालकाने मुदतीच्या आत सहीनिशी देणे कबूल केले, तर नव्याने मोजली जाते.