लसीकरणाची वही आणि 'क्लाउड'वरचा तक्ता

स्मरणिकेच्या संपादकांचा निरोप आला की गोवर, अतिसार किंवा बालदमा ह्यांपैकी एखाद्या विषयावर लेख द्यायचा, हा माझा अनेक वर्षांचा परिपाठ आहे. यंदा त्यात थोडा बदल करीत आहे. विषय संगणकाचा आहे आणि मी संगणकतज्ज्ञ नाही. तरीही तो निवडला, कारण आपल्यापैकी अनेकांनी दवाखान्यातील वह्या बाजूला ठेवून नोंदी 'क्लाउड'वर, म्हणजे दूरच्या एखाद्या कंपनीच्या संगणकांवर, ठेवण्यास प्रारंभ केला आहे. तिथला तक्ता ठरविताना मी एक चूक केली. ती इतरांच्या उपयोगी पडावी एवढाच ह्या लेखाचा हेतू.

वहीची अडचण

माझा दवाखाना देवास गेटला आहे. बसस्थानक आणि रेल्वे स्टेशन हाकेच्या अंतरावर असल्यामुळे शहरातील बालकांबरोबरच तराणा, महिदपूर, बडनगर ह्या भागांतूनही पुष्कळ बालके येतात. लसीसाठी एका दिवसाची मजुरी सोडून जी आई बस पकडते, तिला निरोप योग्य वेळी आणि योग्य बालकाचाच गेला पाहिजे.

गोवर-रुबेलाचेच उदाहरण घेऊ. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमानुसार पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान देतात. पहिल्या मात्रेनंतर सुमारे 15 टक्के बालकांत गोवराविरुद्ध पुरेशी प्रतिकारशक्ती निर्माण होत नाही. दुसरी मात्रा मुख्यतः त्यांच्यासाठी असते, आणि नेमकी तीच विसरली जाते. बाळ चालू-बोलू लागलेले असते, अंगाने सुधारलेले असते. दवाखान्याची आठवण कोणाला राहणार?

वहीत नोंदी तारखेप्रमाणे होत्या. 'ह्या महिन्यात कोणाकोणाची दुसरी मात्रा आहे?' हे शोधायचे तर वर्षभरापूर्वीची पाने उलटावी लागत. पुण्यात संगणक क्षेत्रात नोकरी करणारा माझा भाचा दिवाळीला आला होता. वही चाळून तो म्हणाला, "मामा, हे सगळं क्लाउडवरच्या तक्त्यात घालू. महिन्याची यादी आपोआप निघेल."

खिडकी माणसांची आणि प्रोग्रॅमची

अशा सेवेत तक्ता दोन प्रकारे तयार करता येतो. एक म्हणजे पडद्यावरील बटणे दाबून. ही माणसांसाठीची खिडकी. दुसरी खिडकी प्रोग्रॅमसाठी असते. तिला 'एपीआय' म्हणतात. आपण प्रयोगशाळेला जी छापील मागणी-चिठ्ठी पाठवितो, तिच्याशी ह्याची तुलना करता येईल. चिठ्ठीतील रकाने ठरलेले असतात, ते ठरलेल्या पद्धतीनेच भरावे लागतात, खाली अधिकृत सही लागते. चिठ्ठी अपुरी असेल तर नमुना कारणासह परत येतो.

अ‍ॅमेझॉनच्या 'डायनॅमोडीबी' ह्या 2012 साली सुरू झालेल्या सेवेत 'क्रिएट टेबल' नावाची अशीच चिठ्ठी असते. तीत मुख्यतः चार गोष्टी लिहाव्या लागतात: तक्त्याचे नाव, नोंद ओळखण्याची किल्ली, त्या किल्लीतील माहितीचा प्रकार, म्हणजे ती अक्षरे आहेत की संख्या, आणि वापराचे पैसे कोणत्या पद्धतीने मोजायचे. ह्याशिवाय तक्ता कोणत्या ठिकाणच्या केंद्रात ठेवायचा हेही ठरवावे लागते. मुंबईचे केंद्र 2016 पासून उपलब्ध आहे.

चिठ्ठी स्वीकारली म्हणजे तक्ता तयार झाला असे नव्हे. आधी 'तयार होत आहे' असे उत्तर येते आणि थोड्या वेळाने स्थिती 'कार्यरत' अशी बदलते. तोवर त्यात नोंद करता येत नाही. त्याच नावाचा तक्ता आधीच असेल तर मागणी नाकारली जाते. चिठ्ठी लिहून ठेवलेली असल्यामुळे तोच तक्ता पुन्हा हुबेहूब उभारता येतो, आणि कोणते निर्णय घेतले होते ते नंतर वाचताही येते. बटणे दाबून केलेल्या कामाची अशी नोंद आपल्या हाती सहसा राहत नाही.

किल्ली म्हणजे काय?

उज्जैनकरांना तक्ता नवा नाही. जयसिंहपुऱ्यातील वेधशाळेचा 1923 साली माधवराव शिंदे महाराजांच्या काळात जीर्णोद्धार झाला आणि गोविंद सदाशिव आपटे ह्यांच्यासारख्या मराठी ज्योतिर्विदाने तिचे अधीक्षकपद भूषविले. ग्रहस्थितीच्या कोष्टकात दिवसाची एक ओळ असते आणि ग्रहाचा एक रकाना. दिवस आणि ग्रह सांगितला की एकच आकडा हाती येतो, दोन येत नाहीत. ज्या खुणेने नोंद निःसंदिग्धपणे सापडते ती किल्ली.

डायनॅमोडीबीत किल्ली दोन भागांची ठेवता येते. पहिल्या भागाने संबंधित नोंदी एकत्र येतात, दुसऱ्या भागाने त्या क्रमाने लागतात. तक्ता तयार झाल्यावर ही किल्ली बदलता येत नाही. बदलायची तर नवा तक्ता करून सर्व नोंदी त्यात न्याव्या लागतात. शिवाय पूर्वीच्याच किल्लीची नोंद पुन्हा लिहिली तर जुनी नोंद जाऊन तिच्या जागी नवी बसते, आणि ती काहीही न विचारता बसते. सेवेच्या नियमांत हे स्पष्ट सांगितलेले आहे. मी ते वाचलेले नव्हते.

माझी चूक

भाच्याने मला रीतसर विचारले होते, "मामा, किल्ली कोणती ठेवू?" रुग्णांची गर्दी होती. मी मान वर न करता म्हणालो, "मोबाइल नंबर ठेव. तो सगळ्यांकडे असतो." त्याने मोबाइल क्रमांक हा पहिला भाग केला आणि लसीची तारीख व लसीचे नाव मिळून दुसरा.

कित्येक महिने सारे सुरळीत चालले. एका घरातील मोठ्या-धाकट्या भावंडांचा मोबाइल एकच असला तरी त्यांच्या लसींच्या तारखा वेगळ्या पडत आणि नोंदी टिकून राहत. त्यामुळे दोष दिसलाच नाही.

मग एके दिवशी एक आई मुलाला घेऊन आली. ते मूल जुळ्यांपैकी एक होते. मी सहज विचारले, "मुलगी कुठे आहे?" ती म्हणाली, "निरोप ह्याच्याच नावाचा आला होता, डॉक्टरसाहेब. मला वाटलं, तिची अजून वेळ झाली नसेल." म्हणून मुलगी आजीजवळ घरी राहिली होती. माझ्या मनात चर्र झाले. जुळी भावंडे लसीला एकाच दिवशी येतात. मोबाइल तोच, तारीख तीच, लस तीच. म्हणजे किल्लीही तीच. बहिणीची नोंद आधी झाली, भावाची नंतर, आणि भावाच्या नोंदीने बहिणीची नोंद पुसून टाकली होती. संगणकाच्या लेखी ती मुलगी माझ्या दवाखान्यात कधी आलीच नव्हती.

सुदैवाने मी वही बंद केलेली नव्हती. त्या रात्री वही आणि तक्ता समोरासमोर ठेवून दवाखान्यातील सर्व जुळ्यांच्या नोंदी ताडून पाहिल्या आणि दुसऱ्या दिवसापासून दूरध्वनी केले. त्या मुलीला मात्रा उशिरा मिळाली, पण मिळाली. तेवढ्या काळात गावात गोवराची साथ आली असती तर काय झाले असते, हा विचार मात्र अजून मनातून जात नाही.

देशाच्या तक्त्यात काय केले होते?

नंतर लक्षात आले की ह्याचे उत्तर आपण सर्वांनी वापरलेले होते. 2021 साली कोविड लसीकरणासाठी 'कोविन' सुरू झाले तेव्हा एका मोबाइल क्रमांकावर चार जणांची नोंदणी करता येत असे. जानेवारी 2022 मध्ये ही मर्यादा सहा झाली. प्रत्येक लाभार्थ्याला मात्र स्वतःचा वेगळा संदर्भ क्रमांक मिळत असे. मोबाइल हा निरोप पोचविण्याचा पत्ता होता, माणसाची ओळख नव्हती. आपल्या समाजात एक फोन अख्ख्या घराचा असतो, कधी शेजाऱ्याचाही असतो. बालरोगतज्ज्ञाला हे कोणी शिकवायला नको होते.

दुरुस्त तक्ता

आता प्रत्येक बालकाला जन्मभर न बदलणारा नोंदणी क्रमांक देतो. तो किल्लीचा पहिला भाग. दुसरा भाग पूर्वीप्रमाणे तारीख आणि लसीचे नाव. मोबाइल क्रमांक ही नोंदीतील साधी माहिती झाली. मोबाइलवरून शोधण्यासाठी एक वेगळी सूची ठेवली आहे. एका क्रमांकावर तीन मुले असली तर ती तिन्ही दाखविते.

डायनॅमोडीबीत तारखेसाठी स्वतंत्र प्रकार नाही. तारीख अक्षरांत लिहिता येते. '03-04' हा तीन एप्रिल की चार मार्च, असा घोळ टाळण्यासाठी आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असे लिहितो: 2025-04-03. असे लिहिल्याने नोंदी आपोआप कालक्रमाने लागतात. पुढील मात्रेच्या महिन्याची आणखी एक सूची आहे. महिन्याची यादी तिच्यातून निघते. 'ह्या किल्लीची नोंद आधीपासून नसेल तरच लिही' अशी अटही प्रत्येक नोंदीला घातली आहे. त्यामुळे चुकून तीच किल्ली आली तर जुनी नोंद पुसली न जाता नवी नाकारली जाते.

चिठ्ठीवरील सहीविषयीही एक शब्द. एपीआयला लागणारी गुप्त किल्ली ही आपल्या सही-शिक्क्यासारखी असते. ती कोणाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नये, प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवू नये. नोंद लिहिणाऱ्याला तक्ता पुसण्याचा अधिकार देऊ नये. तक्ता चुकून पुसला जाऊ नये म्हणून आणि 35 दिवसांपर्यंतची मागील स्थिती परत मिळावी म्हणून सोयी आहेत, पण त्या आपण सांगून सुरू करून घ्याव्या लागतात. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक मानली आहे. आमच्या शाखेतील तर जवळजवळ प्रत्येक नोंद बालकाचीच.

शेवटी व्यवसायबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. तक्ता कोणीही तयार करून दिला तरी सुरुवातीलाच तीन प्रश्न विचारा: एक नोंद म्हणजे नेमके काय? दोन व्यक्तींची किल्ली कधी एकच येऊ शकेल का? आणि ह्या तक्त्याला आपण कोणते प्रश्न विचारणार आहोत? ह्यांची उत्तरे संगणक अभियंत्याजवळ नसतात. आपले रुग्ण कसे राहतात, कसे येतात, कोणाचा फोन वापरतात, हे आपल्यालाच ठाऊक असते. भाच्याने मला योग्य प्रश्न विचारला होता. उत्तर देण्यापूर्वी मी मान वर करायला हवी होती.

वही मी अजून बंद केलेली नाही. दर महिन्याच्या शेवटी ती आणि तक्ता ताडून पाहतो, आणि सुरुवात जुळ्यांच्या नावांपासून करतो.