चाळीसगाव मुक्काम, दोन सायकली

माउंटन बायकिंगची सुट्टी म्हटली की पंधरा वर्षांच्या पोराच्या डोळ्यांसमोर मनाली नाहीतर लडाख येतं, आणि त्याच्या आईबापाच्या डोळ्यांसमोर तिथला खर्च. एवढ्या लांब जायची गरज नाही. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळ्याची रांग आणि मधे तापी-गिरणेचं सपाट काळं रान अशी खानदेशाची ठेवण आहे. नवशिक्या पायांना यापेक्षा सोयीची जागा सापडणं कठीण. सकाळी सपाटीवर पाय मोकळे करायचे, तासाभराने डोंगराच्या पायथ्याशी चढाला लागायचं आणि जेवायला परत यायचं, असं इथे एका दिवसात जमतं. खास सायकलींसाठी बांधलेल्या वाटा इथे नाहीत. गाडवाटा आहेत, पाणंद रस्ते आहेत, पाटाच्या कडेचे मातीचे रस्ते आहेत, आणि जाड टायरच्या सायकलीला तेवढं पुरतं.

अशा सहलीत पैसा वाचतो तो मुक्काम एकच ठेवला की. रोज नव्या गावी जायचं ठरवलं तर सगळं सामान सायकलीवर लादावं लागतं, रोज खोली शोधावी लागते, आणि एक दिवस पाय दुखले तर पुढचं सगळं गणित कोलमडतं. एका गावात तळ ठोकून रोज निघायचं आणि तिथेच परत यायचं ठरवलं, तर पाठीवर फक्त पाणी, पंक्चरचं सामान आणि केळी. पोराने दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठायलाच नकार दिला तरी बिघडत नाही. जळगावहून थेट तोरणमाळ गाठायचा बेत कागदावर फार छान दिसतो. पहिल्याच सहलीत मी तरी तो कुणाला सुचवणार नाही.

मुक्कामाला माझी पसंती चाळीसगावला. मुंबईहून भुसावळकडे जाणाऱ्या मुख्य लोहमार्गावरचं हे स्टेशन मुंबईपासून सुमारे सव्वातीनशे आणि जळगावहून नव्वदेक किलोमीटरवर आहे. धुळ्याचा फाटाही इथूनच फुटतो. साधे लॉज, खाणावळी, सायकलची दुकानं, दवाखाने सगळं हाताशी आहे, आणि गावातून दक्षिणेला पाहिलं की डोंगर दिसतो.

सायकल विकत घ्यायची घाई करू नका. गिअरची बरी सायकल पंधरा ते पंचवीस हजारांच्या घरात जाते, आणि अशा दोन घेतल्या तर सहल स्वस्त उरत नाही. पोराची बहुधा असतेच. आपल्यासाठी मित्राची, भाच्याची, नाहीतर गावातल्या सायकल ग्रुपमधल्या कुणाची चार दिवस मागून घ्यावी, आणि निघण्यापूर्वी दोन्ही सायकलींची सर्व्हिसिंग स्वतःच्या खर्चाने करून घ्यावी. मेकॅनिकला ब्रेकचे रबर, गिअरची केबल आणि चेन दाखवायला विसरू नका. सीटची उंची घरीच बघता येते. पॅडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली की गुडघा सरळ व्हायला हवा. पोरं सीट खाली ठेवून चालवतात, कारण दोन्ही पाय जमिनीला टेकले की धीर येतो. मग दहा किलोमीटरवर गुडघे बोलू लागतात.

गिअरबद्दल एवढंच सांगायला हवं की चढ लागायच्या आधी हलका गिअर टाकायचा. पुढची लहान चकती आणि मागची मोठी, ही जोडी सर्वांत हलकी. चढावर अडकल्यावर, पायात सगळा जोर असताना गिअर बदलला तर चेन कडकड करते, कधी उतरते, कधी तुटतेही. ब्रेक आधी सपाटीवर ओळखून घ्या. कोणत्या हाताचा पुढच्या चाकाला आणि कोणत्या हाताचा मागच्याला, हे प्रत्येक सायकलीत सारखं नसतं, आणि मागून आणलेल्या सायकलीवर ते उतारावर कळणं बरं नव्हे.

इथला खरा शत्रू चढ नाही, काटा आहे. रस्त्याकडेचे सराटे आणि शेताच्या कुंपणाला लावलेली बाभूळ यांच्यापुढे साध्या ट्यूबचं काही चालत नाही. टायर आणि ट्यूबच्या मधे बसवायची पट्टी मिळते, ती दोन्ही सायकलींना बसवून घ्या. शिवाय दोन जादा ट्यूब, ठिगळं, सोल्युशन, टायर काढायचे प्लास्टिकचे लिव्हर आणि छोटा पंप बरोबर हवा. पंक्चर काढण्याचं काम पोराकडे द्या. निघण्याच्या आधीच्या रविवारी अंगणात त्याच्याकडून एकदा करून घ्यावं. चाक काढायचं, टायरची एक कडा रिममधून सोडवायची, ट्यूब ओढून थोडी हवा भरायची आणि गालाजवळ फिरवायची. कानाला ऐकू येत नाही ती बारीक गळती गालाला लागते. नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून फडकं फिरवायचं. बोट फिरवलं तर तोच काटा बोटात जातो. फडक्याचा धागा जिथे अडकतो तिथे सराट्याचं टोक बसलेलं असतं. ते नखाने नाही निघालं तर चिमट्याने काढायचं. न काढता नवी ट्यूब घातली, तर शंभर पावलांवर पुन्हा खाली बसावं लागतं.

एक गोष्ट पथ्यावर पडते. या सायकलींना बहुधा मोटरसायकलसारखाच वॉल्व्ह असतो, त्यामुळे हायवेवरचा कोणताही पंक्चरवाला हवा भरून देतो. त्याला कॉम्प्रेसर जपून सोडायला सांगा. टायरच्या कडेवर हवेची मर्यादा छापलेली असते, आणि मातीच्या वाटेवर त्या मर्यादेच्या खालच्या टोकाजवळ राहिलेलं बरं. टायर थोडा मऊ असला की खडीवर घसरत नाही.

सायकली रेल्वेने न्यायच्या तर तिकीट घेऊन पार्सल ऑफिसात जायचं आणि त्या लगेज म्हणून बुक करायच्या. मग त्या तुमच्याच गाडीच्या ब्रेकव्हॅनमधून येतात. नुसत्या पार्सल म्हणून टाकल्या तर कोणत्या गाडीने येतील याचा भरवसा नाही. तास-दीड तास आधी पोचा. हँडल आणि गिअरच्या भागाला गोणपाट गुंडाळा, पावतीवरचा नंबर सायकलीवर जाड शाईने लिहा. चाळीसगावात बऱ्याच गाड्या जेमतेम थांबतात, म्हणून सुटण्याच्या स्टेशनातच गार्डला सांगून ठेवा आणि उतरल्याबरोबर ब्रेकव्हॅनकडे धावा. हे सगळं जड वाटत असेल तर जळगावला उतरा. तिथे थांबा सहसा जास्त असतो, पुढे छोटा टेम्पो करता येतो. एसटीच्या टपावर सायकल टाकायचे दिवस जवळपास सरले. नव्या गाड्यांना टपावर कॅरियरच नसतो.

हंगाम दिवाळीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. पावसाळ्यात काळी माती टायर आणि फोर्कच्या मधे अशी ठासून बसते की चाक फिरणंच बंद होतं आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. मार्चनंतर उन्हाचा प्रश्न आहे. मे महिन्यात जळगावचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा हा विषयच काढू नये. उलट डिसेंबरात पहाटे धुळ्याकडे पारा दहाच्याही खाली येतो. हातमोजे आणि कानटोपी घेऊन निघा, नऊ वाजता ती दप्तरात जातील. सकाळी उजाडताच निघायचं आणि साडेअकराच्या आत सावलीत पोचायचं. बेत आखताना किलोमीटर मोजू नका, तास मोजा. डांबरी रस्त्यावर जे पोरगं तासाला पंधरा किलोमीटर जातं, ते फुफाट्यात आणि खडीवर आठ जातं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी गावाबाहेर तासभर चक्कर मारा, म्हणजे काय खडखडतंय ते कळेल. त्याआधी स्टेशनजवळचं केकी मूस यांचं कलादालन पाहून घ्या. 1912 साली जन्मलेला हा चित्रकार-छायाचित्रकार आयुष्याची कित्येक दशकं चाळीसगावच्या आपल्या घरातून क्वचितच बाहेर पडला आणि 1989 मध्ये तिथेच गेला. टेबलावर मांडलेल्या वस्तूंतून डोंगर, बर्फ, वाळवंट भासवणारी त्यांची छायाचित्रं बघताना मोबाइलवर फोटो काढणारी पोरं बराच वेळ थबकतात.

दुसरा दिवस पाटणादेवीचा. चाळीसगावहून नैऋत्येला साधारण अठरा किलोमीटर. निम्मा रस्ता शेतांमधून, कपाशी आणि मक्याच्या कडेने जातो. मग डोंगर जवळ येत जातो आणि चढ हळूहळू वाढतो, इतका की पोराला वाटतं सायकलच बिघडली. रस्त्यात कुणीतरी हमखास विचारणार, ‘कथा चालनात?’, म्हणजे कुठे चाललात? दोन मिनिटं थांबून उत्तर द्यावं. पुढची वाट, पाणी, कुत्री यांची खरी माहिती नकाशापेक्षा तिथेच मिळते.

पाटणादेवी गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या हद्दीत आहे. हे अभयारण्य 1986 साली जाहीर झालं. म्हणजे नाक्यावर नोंद करायची, रस्ता सोडून सायकल रानात घालायची नाही आणि उन्हं कलायच्या आत बाहेर पडायचं. रानातल्या पायवाटा कितीही खुणावल्या तरी त्या सायकलीसाठी नाहीत. मंदिराजवळ सायकली साखळीने एकत्र बांधा आणि पुढे पायी चला. चंडिकादेवीचं मंदिर, जवळच महादेवाचं जुनं दगडी देऊळ, वर कन्हेरगड आणि त्याच्या पोटातली नागार्जुन लेणी. वाकडीतिकडी वाट काढत पितळखोऱ्याच्या पुरातन लेण्यांकडेही पायी जाता येतं. मात्र त्यासाठी वेगळा दिवस आणि स्थानिक वाटाड्या हवा. सायकलीच्या दिवशी ते जोडायचा मोह टाळा. नवरात्रात इथे यात्रेची गर्दी असते, त्या दिवसांत सायकल नकोच.

गणिताशी भांडण असलेल्या पोराला एक गोष्ट इथे सांगावी. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून याच पाटण्यात मठ काढला. मठाला मिळालेल्या दानाचा 1207 सालचा शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. ‘लीलावती’ लिहिणाऱ्याचे धडे या रानात गिरवले जात होते, हे ऐकून पोरगं खूश होईलच असं नाही, पण वर बघेल.

परतीचा रस्ता उताराचा. सीट दोन बोटं खाली घ्या, पॅडल आडवे समांतर ठेवा, बूड सीटवरून जरा उचला आणि दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत या. मोठ्याने पुढे राहायचं, म्हणजे वेग त्याच्या हाती राहतो. चढावर मात्र पोराला पुढे घाला. मागून ढकलल्यासारखं बोलत राहू नका.

कन्नड घाटाचं नाव काढलं की पोरं सरसावतात. हाच औट्रम घाट. 1825 साली धरणगावला भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमचं नाव त्याला मिळालं आहे. वळणं देखणी आहेत, पण वाहनांची वर्दळ आणि दरडी यांचा विचार करा. 2021 च्या ऑगस्टअखेर एका रात्रीच्या पावसात या घाटात दरडी कोसळून वाहतूक ठप्प झाली होती. मी पोराबरोबर तिथे सायकल घालणार नाही.

तिसऱ्या दिवशी पाय थकलेले असतात, म्हणून तो पाटाच्या कडेने काढावा. तालुक्याच्या उत्तर अंगाला गिरणेवर जामदा बंधारा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी कालवे निघतात. पाटाला उतार अगदी मंद ठेवावा लागतो, म्हणून त्याच्या कडेची वाटही जवळजवळ सपाट असते. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस नाहीतर केळी, आणि गाड्या जवळजवळ नाहीत. पोर नकाशा बघून पुढे चालू शकतं असं हे ठिकाण. नकाशा रात्रीच मोबाइलमध्ये उतरवून घ्या आणि कुठे वळायचं ते त्यालाच ठरवू द्या. चुकलं तर पाट आहेच, त्याच्या कडेने उलटं यायचं. गाडवाटेच्या चाकोरीत पुढचं चाक अडकलं तर हँडल झटक्याने वळवू नये. वेग कमी करून, पाय टेकून बाहेर काढावं. आवर्तन सुटलेलं असेल तर पाट तुडुंब असतो आणि कडा शेवाळलेल्या. पाण्यात उतरायचं नाही, हे निघतानाच सांगून टाका. उजेडातच परता. 2017 मध्ये याच तालुक्यात गिरणाकाठच्या गावांमध्ये बिबट्याने माणसं मारली होती, आणि ऊस हे त्याचं लपायचं ठिकाण.

खाण्याची चिंता खानदेशात करावी लागत नाही. दर पाऊण तासाला एक केळं आणि मिठाच्या चिमटीसह पाणी, दुपारी कळण्याची भाकरी आणि हिवाळ्यात वांग्याचं भरीत. शेवभाजी रात्रीसाठी ठेवा. ती दुपारी चापली तर परतीच्या वाटेवर तिखटासकट आठवत राहते.

हिशेब असा बसतो. दोघांची खोली रात्री हजार-बाराशे धरली तर दोन रात्रींचे चोवीसशे, खाणं माणशी रोज पाचशे धरून तीन दिवसांचे तीन हजार, सर्व्हिसिंग आणि ट्यूबांचे हजार, अडीनडीला टेम्पो करावा लागला तर आणखी हजार. रेल्वेभाडं सोडून साडेसात हजारांच्या आत. हेल्मेटवर मात्र काटकसर करू नका, दोन्ही डोक्यांना हवं.

धुळ्याला मुक्काम असेल तर दहाएक किलोमीटरवर लळिंगचा किल्ला आहे. फारुकी सुलतानांच्या आरंभीच्या काळातलं हे ठाणं. पण रस्ता मुंबई-आग्रा महामार्गाचा, म्हणून भल्या पहाटे आणि सर्व्हिस रोड धरूनच. साक्रीकडे पांझरेच्या काठी फड पद्धतीचे जुने बंधारे आणि चाऱ्या आहेत. तिथल्या शेतवाटा जास्त निवांत.

पोराने पुन्हा जाऊ म्हटलं तर पुढचा टप्पा सातपुड्यातलं पाल. रावेरहून वीस-पंचवीस किलोमीटर. आधी केळीच्या बागांमधून सपाटी आणि मग सलग चढ. वाटेत सुकी नदीवरचं गारबर्डीचं धरण लागतं. हा सारा परिसर यावल अभयारण्याला लागून आहे आणि तडवी, पावरा लोकांची गावं मधे येतात. विचारल्याशिवाय कुणाचे फोटो काढू नका. तिथे एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट धरू नका. वनविभागाच्या विश्रामगृहाची चौकशी आधी करा, आणि पाण्याच्या बाटल्या, ट्यूब, ठिगळं सगळं रावेरलाच घेऊन ठेवा.