कंबर धरली? सुई मागण्याआधी तपासून घ्या



भद्रावतीकडे धानाची रोवणी लागली, की दिवसभर वाकून कंबर भरून येते. पुढे सोयाबीनची कापणी, कापसाची वेचणी, पोत्यांची चढउतार. मग दवाखान्यात एकच मागणी असते : "डाक्टरसाहेब, सुई द्या, सलाईन लावा." सलाईन म्हणजे मिठाचे पाणी. त्याने कंबर बरी होत नाही, पैसा मात्र जातो.

बहुतेक कंबरदुखी स्नायूंवर व सांध्यांवर ताण पडून होते आणि काही आठवड्यांत तिला आराम पडतो. डॉक्टर तुम्हाला उताणे निजवून पाय सरळ वर उचलून पाहतात. पायाची ताकद, बधिरपणा तपासतात. कळ पोटरीच्या खाली उतरत असेल, तर मणक्यातील गादी सरकून नस दाबली गेली असू शकते. दुखणे साधे असेल तर लगेच फोटो काढावा लागत नाही.

मात्र पुढील खुणा लपवू नका :

1. लघवी अडणे, नकळत लघवी-संडास होणे, जांघेत बधिरपणा, पायातली शक्ती जाणे. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा.
2. झाडावरून किंवा गाडीवरून पडल्यावर सुरू झालेले दुखणे.
3. ताप, घटते वजन, रात्रीही न थांबणारी कळ. हा मणक्याचा क्षय असू शकतो. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी व औषध मोफत आहे.
4. घरात सिकलसेल असेल तर तसे आधी सांगा. चंद्रपूर-गडचिरोलीत हा आजार पुष्कळ आहे आणि त्यातही कंबर दुखते.

घरी काय कराल?

एक-दोन दिवसांहून जास्त निजून राहू नका. झेपेल तसे चाला-फिरा. गरम शेक घ्या. दुखण्याच्या गोळ्या मनाने रोज खाऊ नका, पोट व मूत्रपिंड बिघडते. पाठ तुडवून घेऊ नका, डाग देऊ नका. रोवताना अर्ध्या-एक तासाने उभे राहून पाठ मागे ताणा. पोते उचलताना गुडघे वाका, पोते अंगाशी धरा, कंबर पिळू नका. जड पोते दोघांनी उचला.

सहा आठवड्यांत आराम नाही पडला, तर भद्रावतीच्या ग्रामीण रुग्णालयात पुन्हा दाखवा. ऑपरेशन थोड्यांनाच लागते.

बैलाचा खांदा सुजला तर आपण त्याला जुंपत नाही. आपल्या कंबरेचीही तेवढी काळजी घ्या.