एकवीस हजारांची अट

सकाळी 7:30. कोल्हापुरात, शिवाजी पेठेत अर्ध्या शिवाजी पुतळ्यापासून आत बोळात गेलं की संस्थेची एकुलती एक खोली. ताई कुलूप काढतात, केर काढतात, दोन सतरंज्या अंथरतात. मानधन महिना 9,000. निराधार बायकांच्या पेन्शनीचे कागद करायचे आणि वरच्या सरकारला निवेदनं द्यायची, हे त्यांचं काम.

8:15. एक मावशी तीन घरची भांडी उरकून येतात. हातांना अजून साबणाचा वास. "ताई, माझं लाडकी बहीणचं बंद झालं बघा."

मावशींना पासष्ट पूर्ण झाली. ती योजना तिथं थांबते. पुढं श्रावणबाळ योजनेची पेन्शन. रक्कम तीच, 1,500. पण लाडकी बहीणला कुटुंबाच्या वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची, आणि श्रावणबाळला 21,000 ची. म्हणजे महिन्याला 1,750. मावशींना तीन घरचे मिळून 4,500 मिळतात. खोलीचं भाडं 2,000. त्यातनं गुडघ्याच्या गोळ्या. हात थकले तेव्हाच अट आवळली गेली. मला हा सरळ अन्याय वाटतो.

11:00. केएमटी बसनं नागाळा पार्क, जिल्हाधिकारी कार्यालय. महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, पण अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. ताई आवकच्या टेबलाशी उभ्या. कारकून पानं मोजतो, शिक्का मारतो. ताई दुसऱ्या प्रतीवरही शिक्का मागून घेतात, तारीख उमटली का ते उजेडात धरून बघतात. पोच नसली की पुढच्या खेपेला पहिल्यापासून सुरुवात.

1:30. झेरॉक्स. निवेदन 4 पानं, सह्यांची 9. पाच संच: मुख्यमंत्री, सामाजिक न्याय मंत्री, सचिव, आमदार, एक आपल्याला. 65 पानं, दोन रुपयांनी 130. सह्यांमधले निम्मे अंगठे. शाई फिकी आली तेवढी पानं ताई परत काढायला लावतात.

4:00. आमदारांच्या स्वीय सहायकाला फोन. तिसऱ्यांदा लागतो. अधिवेशनात प्रश्न लावा, एवढंच मागणं. "एका पानात द्या," तिकडून उत्तर.

6:45. सतरंजीवर चौदा बायका. मागण्या नऊ, पान एक. इथं खरी ओढाताण. घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा 2008 चा. त्याचा लाभ पदरात पडावा म्हणून एक तरुण बाई हटून बसते. "आमचं न्हेमी मागं ठेवता." ती चुकत नाही. "नऊ घिऊन गेलो तर एक बी वाचत न्हाईत," दुसरी म्हणते. तासभर चालतं. शेवटी तीन उरतात. पहिली, निराधार योजनेला आणि श्रावणबाळला लाडकी बहीणएवढीच उत्पन्नमर्यादा. दुसरी, पेन्शन दर महिन्याला ठरल्या तारखेला. तिसरी, घरकामगार मंडळ. तरुण बाई मान हलवते, पण सही सगळ्यांत शेवटी करते.

8:30. मुंबईला कोण जाणार? "मी येते की. मलाच बघू देत सायेब," मावशी म्हणतात. महालक्ष्मी एक्सप्रेसचं जनरल तिकीट, मंत्रालयाचा पास, परतीचा प्रवास: दोन दिवसांचा खाडा. ताई खर्चाच्या वहीत तिकिटाखाली आणखी एक ओळ घालतात. मावशींचा खाडा, 300 रुपये.