कपाशीच्या फुलाचे अंतरंग

पोळ्याच्या सुमारास अकोला-अमरावतीकडील काळ्या रानात पऱ्हाटीला पाती लागलेली असते. पऱ्हाटी म्हणजे कपाशीचे झाड आणि पाती म्हणजे तिची कळी, हे वऱ्हाडातील मुलांना सांगावयास नको. सकाळी उमललेले एखादे फूल उकलून पाहा. मधोमध स्त्रीकेसर असतो आणि त्याच्याभोवती पुंकेसर नळीसारखे जुळून उभे असतात. पराग स्त्रीकेसराच्या टोकावर पडला, की पुढे बीज धरते व फुलाचे बोंड होते. दोन्ही अवयव एकत्र नांदत असल्यामुळे हे फूल द्विलिंगी होय.

सर्वच वनस्पतींची रीत अशी नसते. दोडक्याच्या एकाच वेलावर नरफुले निराळी व मादीफुले निराळी येतात. तोंडलीचे तर वेलच वेगळे. रानातील तोंडलीच्या नरवेलाला कितीही पाणी घाला, तो फळणार नाही.

कपाशीचा संकर करू पाहणाऱ्यास मात्र हे द्विलिंगी फूल अडचणीचे ठरते. उद्या उमलणाऱ्या पातीतील सारे पुंकेसर आदल्या सायंकाळीच काढून टाकावे लागतात आणि सकाळी हव्या त्या झाडाचा पराग तिला लावावा लागतो. काम मोठ्या चिकाटीचे! सुरत येथे डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० साली 'एच-४' हे संकरित वाण याच रीतीने सिद्ध केले. त्याचे दोन्ही जनक अमेरिकन कपाशीचे होते.

आपली गावरानी कपाशी या अमेरिकन कपाशीहून निराळी. तिचा धागा आखूड. पण पावसाने ओढ दिली तरी ती तग धरते. अमेरिकनचा धागा लांब, म्हणून गिरण्यांना तीच हवी असते. परंतु पाण्याचा ताण तिला लवकर बाधतो. एकीची चिवटाई आणि दुसरीचा धागा एका झाडात आणता येईल काय? जेथे बहुतेक शेती पावसाच्या भरवशावर, तेथे हा प्रश्न घरच्या चुलीशी निगडित आहे.

फुले दिसावयास सारखी. अडचण आहे ती पेशीच्या आत. आनुवंशिक गुण वाहून नेणारी सूक्ष्म गुणसूत्रे तेथे जोडीजोडीने असतात. ज्वारीत ती २०, तुरीत २२ आणि गव्हात ४२. पराग किंवा बीजांड तयार होताना जोडीदार एकमेकांशी जुळतात, मग विलग होतात, आणि प्रत्येकात निम्मीच संख्या जाते. गावरानी कपाशीची गुणसूत्रे २६, अमेरिकनची ५२. दोघींच्या संकरात १३ आणि २६ मिळून ३९ येतात.

ही ५२ आली कोठून? सुमारे १० ते २० लाख वर्षांपूर्वी २६ गुणसूत्रांच्या दोन जातींचा निसर्गातच संकर झाला आणि संकराची गुणसूत्रे दुप्पट झाली, असे शास्त्रज्ञ मानतात. त्यातील माता आपल्या गावरानीच्या जवळच्या कुळातील होती; पिता अमेरिका खंडातील एक रानकपाशी, जिला कातण्याजोगा धागाही नाही. म्हणजे गावरानी ही अमेरिकन कपाशीची मावशीच म्हणावयाची! म्हणूनच ३९ गुणसूत्रांच्या झाडात मावशीकडील १३ गुणसूत्रे मातेकडील १३ गुणसूत्रांशी जुळू शकतात. पित्याकडील १३ जोडीवाचून राहतात. निकोप पराग तयार होत नाही. झाड वाढते, फुलते, पण बोंड धरत नाही.

यावर एक उपाय आहे. कोल्चिसिन नावाचे एक विषारी द्रव्य आहे. पावसाळ्यात रानात फुलणाऱ्या कळलावीतही ते असते, म्हणून तिचा कंद कोणी तोंडात घालू नये. कोवळ्या कोंबास ते बेताने दिले असता गुणसूत्रे दुप्पट होतात, पण पेशी दुभंगत नाही. ३९ ची ७८ होतात, प्रत्येकाला जोडीदार मिळतो आणि वांझ झाड फळू लागते. मग त्याचा अमेरिकन कपाशीशी पुनःपुन्हा संकर करून संख्या ५२ वर आणावयाची आणि दर पिढीत मावशीची चिवटाई टिकवून धरणारी झाडे तेवढी निवडावयाची. यात पिढ्यामागून पिढ्या जातात, आणि पऱ्हाटीची एक पिढी म्हणजे शेतातील एक संपूर्ण हंगाम.